एमएसचं औषध बदलायला सांगितलंय, पण मला तर काहीच होत नाहीये

मोगरा | ५ मार्च, रात्री ११.१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३६ वर्षांची. नेरुळला राहते, वाशीला नोकरी. २०१८ च्या पावसाळ्यात डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं. डोळा फिरवला की दुखायचा. रंगही विटले होते. उजव्या डोळ्याने कुंकवाचा करंडा लालभडक आणि डाव्याने विटकरी. नंबर बदलला असेल म्हणून आठवडा घालवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हे नाव पहिल्यांदा ऐकलं; आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते असा हा आजार. पाच दिवस सलाईनमधून स्टिरॉइड घेतलं, नजर जवळजवळ पूर्ण परत आली.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा इंटरफेरॉनचं इंजेक्शन, शुक्रवारी रात्री. आधी पॅरासिटामॉल घ्यायची, तरी मध्यरात्री थंडी वाजून ताप येतो आणि शनिवार आडवा पडून जातो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. 'आईचा शुक्रवार' हा शब्द त्याने स्वतःच तयार केलाय. शुक्रवारी त्याच्या कुठल्याही मित्राचा वाढदिवस आला तर तो आधीच सांगतो, बाबांबरोबर जाईन.

या सात वर्षांत एकच मोठा अटॅक आला. २०२१ मध्ये कमरेपासून खाली बधिरपणा, दोन आठवडे. त्यानंतर काही नाही. रोज ट्रेनने जाते, पूल चढते, स्वयंपाक करते.

गेल्या महिन्यात वर्षाचा एमआरआय केला. दोन नवीन डाग आलेत. एक मेंदूत, एक मानेच्या मज्जारज्जूत, आणि मेंदूतला कॉन्ट्रास्ट (एमआरआयआधी शिरेतून देतात ते द्रव्य) दिल्यावर चमकतोय. डॉक्टर म्हणाले, हे औषध आता पुरत नाही, बदलू या. त्यांनी रिटुक्सिमॅब सुचवलंय, सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून. घरी येऊन शोधलं तर पहिलंच वाक्य दिसलं की हे कॅन्सरचं औषध आहे. आई म्हणते, चाललंय ते चालू दे, उगाच कशाला हात लावायचा. नवरा म्हणतो, तू ठरवशील ते.

काही दुखत नसताना, काही अडत नसताना, सात वर्षं सवयीचं झालेलं औषध सोडायचं म्हणजे माझा पाय उचलत नाही. बरं वाटत असताना कुणी औषध बदललंय का? एक बंद आणि दुसरं सुरू, या मधल्या दिवसांत काय होतं? १७ तारखेला डॉक्टरांकडे जायचंय. काय काय विचारू?

निळीछत्री | ६ मार्च, सकाळी ७.४५

मोगरा, मला बारा वर्षं झाली निदानाला. तिसऱ्या औषधावर आहे, आणि दोन्ही वेळा बदललं तेव्हा मला छान वाटत होतं. त्यामुळे तुझा प्रश्न अगदी माझाच वाटला.

मला माझ्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आपल्या भागातल्या उदाहरणाने सांगते. मुंब्रा बायपास दुरुस्तीला बंद झाला होता तेव्हा आठवतं ना? जेएनपीटीचे ट्रक ऐरोलीकडून वळवले. माल पोचत होताच, उशिरा का होईना. फक्त मालाची वाट बघणाऱ्याला कुठे काही बिघडलंय असं वाटलं नसतं. मेंदू असंच करतो. एका ठिकाणचं मायलिन, म्हणजे मज्जातंतूवरचं वेष्टण, खरवडलं गेलं की निरोप दुसऱ्या वाटेने पाठवतो. आपल्याला बरंच वाटत असतं. पण या दुसऱ्या वाटा मोजक्याच असतात आणि त्या वयाबरोबर कमीही होतात. एमआरआयवर दिसणारे कितीतरी डाग माणसाला जाणवतच नाहीत. मेंदूत तरी जागा असते. मानेच्या मज्जारज्जूत करंगळीएवढ्या जागेतून हातापायांचे सगळे निरोप जातात. त्या डागाकडे डॉक्टर जास्त गंभीरपणे बघत असतील तर ते मला पटतं.

चमकणारा डाग म्हणजे तिथे आत्ता, गेल्या काही आठवड्यांत, सूज आहे. तुझं औषध चालू असताना.

आईला हे असंच सांगून बघ. माझ्या आईला पटायला वेळ लागला, पण पटलं.

घोडबंदरकर | ६ मार्च, रात्री १०.३०

मोगराताई, धागा सकाळीच वाचला होता. दिवसभर मनात लिहीत होतो, आता बसलोय.

मी ४६ वर्षांचा. २०१४ ला निदान. पहिली दोन वर्षं आठवड्यातून तीनदा इंटरफेरॉन. पोटावर, मांड्यांवर टोचायला जागा उरली नव्हती. दोन वर्षांत दोन अटॅक आले, म्हणून २०१६ मध्ये फिंगोलिमॉडची गोळी सुरू केली, रोज अर्धा मिलिग्रॅम. हा बदल फार व्यवस्थित झाला. आधी ईसीजी, रक्त, लिव्हर, डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का ते घरात कुणालाच आठवेना, म्हणून त्याची अँटिबॉडी तपासली. पहिली गोळी हॉस्पिटलात दिली आणि सहा तास बसवून ठेवलं, दर तासाला नाडी आणि बीपी, कारण त्या पहिल्या गोळीने हृदयाचे ठोके मंदावतात. माझे ५२ वर आले, संध्याकाळपर्यंत वर चढले, घरी आलो. पुढची साडेतीन वर्षं एकही अटॅक नाही. सकाळी उपवन तलावाला दोन फेऱ्या मारायचो.

मग २०२० चा एप्रिल आला. बाहेर कोविड आणि माझं औषध प्रतिकारशक्ती दाबणारं. सगळीकडे तेच ऐकत होतो की अशा लोकांना धोका जास्त. ओपीडी बंद, डॉक्टरांचा फोन दोनदा लागला नाही. मी माझ्याच मनाने गोळी थांबवली. तसंही बरंच वाटत होतं. बायकोला सांगितलं, साथ संपली की परत चालू करू.

नवव्या आठवड्यात उजवा पाय जड झाला. बसून बसून झाला असेल म्हटलं. अकराव्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उतरलो तो थेट जमिनीवर. लघवी अडकली. एमआरआयमध्ये एवढे नवीन डाग होते की रेडिओलॉजिस्टने आकडा न लिहिता 'असंख्य' लिहिलं. पाच दिवस स्टिरॉइड, त्याने भागेना म्हणून प्लाझ्मा बदलण्याचे पाच फेरे.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. ही गोळी लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना गाठींमध्ये कोंडून ठेवते. त्या रक्तात येत नाहीत म्हणून मेंदूपर्यंत पोचत नाहीत. गोळी बंद झाली की काही आठवड्यांत दार उघडतं आणि सगळ्या एकदम बाहेर पडतात. काही जणांमध्ये आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळतो, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. अमेरिकेच्या औषध नियामकाने याबद्दलचा इशारा २०१८ मध्येच दिला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. सांगितलं असेल, माझ्या लक्षात राहिलं नाही.

आज काठी घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जातो. २०२० च्या ऑगस्टपासून रिटुक्सिमॅबवर आहे, नवीन डाग नाही. पण गेलेलं सगळं परत आलं नाही. माझा पाय कुठल्याही औषधाने नेला नाही, मधल्या रिकाम्या अकरा आठवड्यांनी नेला.

तुमचं औषध इंटरफेरॉन आहे, त्यात अशी उसळी येत नाही. त्याला मधे मोठी सुट्टीही द्यावी लागत नाही, नवीन सुरू होईपर्यंत ते घेता येतं. तरी डॉक्टरांकडून तारखा कागदावर लिहून घ्या. शेवटचं इंजेक्शन कधी, नवीन औषध कधी, आणि मधे ताप आला, तपासणी चुकली, इन्शुरन्स अडला तर जुनं चालू ठेवायचं की नाही. हा शेवटचा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

वाचणाऱ्यांपैकी कुणी फिंगोलिमॉडवर असेल तर एक विनंती. गावी जाताना, लग्नाकार्याला जाताना गोळ्या मोजून दोन आठवडे जास्तीच्या घ्या. चौदा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर घरी नुसती गोळी परत सुरू करायची नसते, पहिल्या दिवसासारखं सहा तास देखरेखीखाली घ्यावी लागते.

आजोळ | ७ मार्च, दुपारी १.१५

घोडबंदरकर दादा, वाचून गलबललं. लिहिलंत ते फार बरं केलंत.

मी थोडं वेगळं सांगते. मला ५१ पूर्ण झाली, तेरा वर्षं ग्लॅटिरामेरवर आहे. २०२२ मध्ये माझ्याही रिपोर्टमध्ये 'एक नवीन लहान डाग' आला आणि औषध बदलायची चर्चा सुरू झाली. मी दुसरं मत घेतलं. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधीच्या वर्षांच्या सगळ्या सीडी मागवल्या. आधीचा एमआरआय नौपाड्यातल्या एका सेंटरचा, नवीन मुलुंडचा. मशीन वेगळं, काप घेण्याची जाडी वेगळी. तो 'नवीन' डाग जुन्या सीडीत अर्धवट दिसतच होता, दोन कापांच्या मधे पडला होता. सहा महिने थांबलो, त्याच मशीनवर पुन्हा केला, काही बदल नाही. अजून जुन्याच औषधावर आहे.

मोगरा, तुझं प्रकरण तसं वाटत नाही. चमकणारा डाग नजरेचा दोष नसतो. पण जुन्या सीडी घेऊन जा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितलेत का एवढं विचार. पुढचे एमआरआय एकाच ठिकाणी कर, लांब पडलं तरी.

सात्त्विक | ७ मार्च, सायंकाळी ६.००

माझ्या मावसबहिणीला हाच आजार आहे. तिने गहू, साखर, दूध पूर्ण बंद केलं आणि तिला खूप फरक पडला. इतकी जड औषधं शरीरात घालण्याआधी तीन महिने सगळं बंद करून आहार आणि नाडीपरीक्षा करून बघा. शरीराला एक संधी द्या. मनापासून सांगतोय.

घोडबंदरकर | ७ मार्च, रात्री ९.२०

सात्त्विक, तुम्ही आपुलकीने लिहिलंय हे कळतं. तुमच्या बहिणीला बरं वाटतंय याचा आनंद आहे. साखर कमी करायला माझी ना नाही, मीही केली आहे. पण 'तीन महिने सगळं बंद' हे शब्द कृपा करून या आजाराच्या माणसाला सांगू नका. हा आजार आपण होऊन वर्षवर्ष शांत राहतो, त्यामुळे त्या काळात जे काही खात होतो त्याला श्रेय जातं. आहार औषधासोबत चालवा. औषध काढून त्या जागी आहार नको. अकरा आठवडे म्हणजे तीन महिन्यांहून कमीच होतात.

पारसिक | ८ मार्च, सकाळी ६.३०

रात्रपाळी संपवून लिहितेय. मी नर्स आहे, डे केअरमध्ये अशी इन्फ्युजन्स देते. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहिणार नाही. डॉक्टरांचा सल्ला डॉक्टरांकडूनच घ्या, पण आमच्याकडे अपुऱ्या तयारीने येऊन परत जाणारे पेशंट मी दर महिन्याला बघते, म्हणून सांगते.

रिटुक्सिमॅब प्रतिकारशक्तीतल्या बी पेशी नावाच्या पेशींना संपवतं. १९९७ मध्ये ते एका प्रकारच्या लिम्फोमासाठी मंजूर झालं, पुढे संधिवातासाठीही. भारतात २००७ पासून देशी बनावटीचं मिळतं, म्हणून आपल्या लोकांना परवडण्याच्या जवळ आलं. स्वीडनमध्ये एमएससाठी ते वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणावर देतात, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी म्हणून त्याचं नाव घातलं. तेव्हा 'कॅन्सरचं औषध' हे अर्धंच वाक्य आहे. त्यात तुमचे केस जात नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हिपॅटायटिस बी ची. नुसती एक नाही, पृष्ठभागावरच्या अँटिजेनची आणि कोअर अँटिबॉडीची, दोन्ही. पूर्वी कधी नकळत होऊन गेलेली कावीळ यकृतात दबून बसलेली असू शकते आणि या औषधाने ती जागी होते. कितीतरी लोक एकच तपासणी करून येतात आणि मग सुई लावायच्या आधी परत पाठवावं लागतं. दुसरा आपल्याकडचा प्रश्न टीबीचा, छातीचा एक्स-रे आणि रक्ताची टीबी टेस्ट. शिवाय एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, पांढऱ्या पेशी, आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांची, पातळी. ही शेवटची पातळी सुरुवातीला मोजलेली नसेल तर पुढे दोन-तीन वर्षांनी ती घसरली की आधीच कमी होती हे कळायला मार्ग राहत नाही.

लसी आधी घ्या. बी पेशी गेल्यावर लस दिली तरी शरीर तिला नीट उत्तर देत नाही. न्यूमोनिया, फ्लू, हिपॅटायटिस बी, नागीण यांतलं तुम्हाला काय लागेल ते डॉक्टर ठरवतील, पण इन्फ्युजनच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला हवं. जिवंत विषाणूची लस असेल तर किमान चार आठवडे. आणि अटॅकची सूज चालू असेल तर लसीसाठी किती थांबायचं हाही त्यांचाच निर्णय. त्यासाठी तीन-तीन महिने थांबणारेही मी पाहिलेत, ते मला पटत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी नाश्ता करून या. बीपीची गोळी घेत असाल तर त्या सकाळी घ्यायची का, आधी विचारा, कारण औषध चढताना बीपी उतरू शकतं. घसा खवखवला, कानामागे खाज आली, अंगावर पुरळ आलं तर लगेच सांगा. पेशंट संकोचाने गप्प बसतात. आम्ही फक्त थेंबांचा वेग कमी करतो, थोडं थांबतो, पुन्हा सुरू करतो. पहिल्यांदा पाच-सहा तास धरून चला.

बाळकूमकर | ८ मार्च, रात्री ८.४०

माझी मुलगी २५ वर्षांची, तीन वर्षं टेरिफ्लुनोमाइडवर. डिसेंबरमध्ये लग्न ठरतंय. होणाऱ्या जावयाला, त्याच्या घरच्यांना सगळं सांगितलेलं आहे, त्यांनी मोठ्या मनाने समजून घेतलं. आता डॉक्टर म्हणतात पुढे मूल हवं असेल तर औषध आधीच बदलावं लागेल. लग्नाआधी बदलावं की नंतर? मला रात्र रात्र झोप नाही.

निळीछत्री | ८ मार्च, रात्री ९.५०

काकू, टेरिफ्लुनोमाइडची एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत हवी. गोळी थांबवली तरी ते रक्तात फार रेंगाळतं, कधी कधी दोन वर्षांपर्यंत. आणि ते बाळाला घातक आहे. म्हणून नुसतं थांबवून भागत नाही. ते धुऊन काढण्यासाठी कोलेस्टिरामिन नावाची पावडर साधारण अकरा दिवस देतात, मग रक्तातली पातळी मोजून खात्री करतात. मी घेतली आहे ती पावडर. चव वाईट, पोट फुगतं, पण अकराच दिवस. मी ताकात मिसळून घ्यायचे, डॉक्टरांना विचारून.

त्यानंतर मी ग्लॅटिरामेरवर होते, माझी लेक त्याच काळातली. ग्लॅटिरामेर आणि इंटरफेरॉन हे त्या दिवसांत तुलनेने सुरक्षित मानतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आजार सहसा शांत असतो आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतो. म्हणून बाळंतपणानंतर कुठलं औषध, कधी, अंगावर पाजायचं का, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा.

मला विचाराल तर लग्नाच्या आधी बदला. नवीन घरी गेल्यावर पहिले महिने नवीन औषधाचा त्रास, नवीन माणसं आणि ही पावडर, एवढं सगळं एकदम तिच्यावर नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, फोनवर बोलू.

मोगरा | १७ मार्च, रात्री १०.१५

आज जाऊन आले. तुमच्या सगळ्यांचे प्रश्न वहीत लिहून नेले होते, डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि एकेक वाचून उत्तरं दिली. चाळीस मिनिटं दिली. बाहेर गर्दी होती, तरी.

आजोळताई, सीडी नेल्या होत्या. शेजारी शेजारी लावून दाखवलं. मेंदूतला डाग गेल्या वर्षी तिथे नव्हताच, माझ्या डोळ्यांनाही दिसलं. मानेतला गेल्या वर्षी पुसट होता, आता स्पष्ट आहे. ते बघताना पोटात गोळा आला, पण मनातला वाद मिटला.

गोळीचा पर्याय का नको, हेही विचारलं. त्यांच्या मते मानेतला डाग आहे म्हणून जास्त जोराचं औषध आधी हवं. डायमिथाइल फ्युमरेटबद्दल विचारलं कारण ऑफिसातल्या एकीची बहीण घेते. त्यात चेहरा लालबुंद होणं, पोटात जळजळ आणि लिम्फोसाइट घसरणं यावर लक्ष ठेवावं लागतं, पण माझ्यासाठी ते सौम्य पडेल असं त्यांचं म्हणणं.

तारखा लिहून घेतल्या, घोडबंदरकर दादा. शेवटचं इंटरफेरॉन शुक्रवारी ४ एप्रिलला. पहिलं इन्फ्युजन ८ एप्रिल, दुसरं २२ एप्रिल, दोन्ही वेळा एक ग्रॅम. मधे काही अडलं तर शुक्रवारचं इंजेक्शन चालूच ठेवायचं, चार डोस फ्रिजमध्ये शिल्लक ठेवायचे. न्यूमोनियाची लस आजच घेतली. हिपॅटायटिसच्या दोन्ही तपासण्या चिठ्ठीत होत्या, पारसिकताई, मी मोजून बघितल्या.

आता नवीन काळजी इन्शुरन्सची. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवाल्या टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेने) फोनवरच सांगितलं, एमएससाठी हे औषध मंजूर नाही, कॅशलेस मिळणार नाही.

निळीछत्री | १८ मार्च, सकाळी ८.०५

फोनवरचं 'नाही' मानू नकोस, लेखी माग. माझ्या वेळी एका कंपनीने असंच केलं होतं, लेखी मागितल्यावर महिनाभर गप्प आणि मग मंजूर.

विमा नियामकाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी दिली आहे, ते सरसकट नाकारता येत नाहीत. इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी त्या यादीत आहेत, आणि रिटुक्सिमॅब हे तेच आहे. पॉलिसीत त्यावर रकमेची मर्यादा घातलेली असू शकते, तो कागद नीट वाच. डॉक्टरांकडून पत्र घे. त्यात पहिलं औषध कुठलं, किती वर्षं, ते चालू असताना काय झालं, दोन्ही एमआरआयच्या तारखा आणि आता हेच का, एवढं यायला हवं. डे केअर म्हणून दाखल दाखवायला सांग. घरी घ्यायच्या गोळ्यांचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत, सलाईनचे देतात. हाही फरक औषध निवडताना लोक विचारात घेतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

ज्यांची स्वतःची पॉलिसी नवीन आहे त्यांच्यासाठी: आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे.

घोडबंदरकर | १८ मार्च, दुपारी ३.३०

जोडून एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. चाळीस टक्के किंवा जास्त प्रमाणपत्र मिळालं की आयकरात जुन्या पद्धतीने ७५ हजारांची वजावट मिळते. मी दोन वर्षं लाजेखातर अर्ज केला नव्हता, ते माझं चुकलं. ठाणे, नेरुळ, वाशी एका जिल्ह्यात येतात. खारघर-पनवेलवाले रायगडात जातात, त्यांचं जिल्हा रुग्णालय अलिबागला. अर्ज ऑनलाइन भरून, तपासणाऱ्या मेडिकल बोर्डाची तारीख फोनवर पक्की करूनच निघा, पायऱ्या किती आहेत तेही विचारा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, त्यांची मुंबई शाखा आहे. माझ्या वाईट दिवसांत तिथल्या एका ताईंनी दर आठवड्याला फोन केला होता.

मोगरा | ९ एप्रिल, सकाळी ११.००

टीपीएकडून लेखी मंजुरी आली. काल पहिलं इन्फ्युजन झालं. पाडवा झाल्यापासून मला धड झोप नव्हती, म्हणून सविस्तर लिहिते, पुढच्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

सकाळी आठला दाखल. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं इंजेक्शन, स्टिरॉइड. ॲलर्जीच्या इंजेक्शनने इतकी गुंगी आली की पहिला तास कळलाच नाही. साधारण पाऊण तासाने घशात काहीतरी खवखवलं. मी आधी नुसतं पाणी प्यायले. मग पारसिकताईंचं वाक्य आठवलं आणि बेल दाबली. वेग कमी केला, वीस मिनिटं थांबवलं, पुन्हा सुरू. नंतर काही झालं नाही. दुपारी तीनला बाटली संपली, पाचला घरी. रात्री ताप नाही. इंजेक्शननंतर ताप न येणारी रात्र मला सवयीचीच नव्हती, दोनदा उठून थर्मामीटर लावला.

एक विचारायचंय. आज सकाळी बाजारातून चालत आले, ऊन भयंकर. घरी आले तर डाव्या डोळ्यासमोर पुन्हा धूसर आणि पायात मुंग्या. एसीत बसल्यावर अर्ध्या तासात गेलं. हा अटॅक नाही ना?

पारसिक | ९ एप्रिल, दुपारी २.२०

घाबरू नकोस. अंगाची उष्णता वाढली की जुन्या जखमेच्या जागेतून निरोप अडखळतो. उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय. अंग थंड झालं की जातं. ताप आला किंवा लघवीला जंतुसंसर्ग झाला तरी असंच होतं. अटॅक म्हणतात तो चोवीस तासांहून जास्त टिकतो, ताप किंवा संसर्ग नसताना. तसं झालं तर डॉक्टरांना लगेच फोन. आता मे संपेपर्यंत बाजार संध्याकाळी कर, मानेला ओला रुमाल ठेव.

शिवाय लक्षात घे, रिटुक्सिमॅबचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. या मधल्या काळात काही झालं तर 'हे औषधही लागू पडलं नाही' असं लगेच मनात आणू नकोस. म्हणूनच नवीन औषधावर तीन ते सहा महिन्यांत एक एमआरआय करतात, तो तुझा नवा पाया. पुढच्या सगळ्यांची तुलना त्याच्याशी.

बाळकूमकर | १२ एप्रिल, रात्री ९.००

मुलीची पावडर आजपासून सुरू झाली. ताकातून. निळीछत्री, तुमचे उपकार कसे फेडू.

मोगरा | २६ एप्रिल, दुपारी ४.१०

२२ ला दुसरं इन्फ्युजन झालं. या वेळी काहीच त्रास नाही, चार तासांत मोकळी झाले. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी होती, जेमतेम वीसची, पहिल्यांदाच आलेली. तिचे हात थंड पडले होते. तिला बेलचं सांगितलं.

काल शुक्रवार होता. रात्री जेवून झाल्यावर मुलगा सवयीने पाण्याची बाटली आणि पांघरूण माझ्या उशाशी ठेवून गेला. त्याला बोलावून सांगितलं की आता शुक्रवार बाकीच्या वारांसारखाच. त्याने विचारलं, मग उद्या सकाळी आपण खाडीवर फ्लेमिंगो बघायला जायचं का. आज सकाळी सहाला जाऊन आलो, ऊन चढायच्या आत परत. फ्रिजमधल्या इंजेक्शनच्या कप्प्यात आईने कैऱ्या ठेवल्यात.

घोडबंदरकर | २६ एप्रिल, रात्री ८.३०

फार बरं वाटलं, ताई. पायाभूत एमआरआय कधीचा ठरलाय?

मोगरा | २६ एप्रिल, रात्री ९.०५

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. तेच सेंटर, तेच मशीन, विचारून ठेवलंय. इम्युनोग्लोब्युलिन आणि रक्त त्याच दिवशी. पुढचं इन्फ्युजन ऑक्टोबरात. रिपोर्ट आला की याच धाग्यावर लिहीन.